पालकांचा बाक कुठे आहे?

बोळिंजमध्ये 'जिम' म्हटलं की डोळ्यांसमोर डंबेल्स, आरसे आणि प्रोटीनचे डबे येतात. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीला जिमला घालायचंय, असं सोसायटीत कुणी म्हटलं की समोरचा आधी दचकतो आणि आपल्याला घाईघाईने 'जिम्नॅस्टिक्स हो, जिम्नॅस्टिक्स' असं सांगावं लागतं. पण आता विरार पश्चिमेला गेटांवरच्या पाट्या नीट वाचल्या, तर स्केटिंग, कराटे, अबॅकस यांच्या रांगेत जिम्नॅस्टिक्सही दिसतं. आगाशी रोडला दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक हॉल, निळ्या मॅट्स, एक सर आणि पंचवीस-तीस पोरं. असं चित्र आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, कारण धाकट्यांना तिथे सोडायचं काम आपल्याकडेच असतं. कॉलेज सकाळचं, आई-बाबा विरार लोकलमध्ये. मग उरतो कोण? ताई किंवा दादा.

हौशी बॅचपर्यंत फार डोकं लावावं लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस, कोलांटउड्या, कार्टव्हील, स्नेहसंमेलनात एखादा पिरॅमिड. खरा प्रश्न पुढे येतो. एक दिवस सर बाजूला घेतात आणि म्हणतात, मुलीत टॅलेंट आहे, तिला कॉम्पिटिशनला घाला. घरात एकदम हवा बदलते. आजी पेढ्यांची गोष्ट करते, बाबा 'स्पोर्ट्स कोटा' हा शब्द उच्चारतात. आणि कुठली जिम, किती दिवस, कोणाच्या हाताखाली, याची चौकशी करणारं घरात कुणीच नसतं.

माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत गेल्या एप्रिलमध्ये हेच झालं. मामा-मामी म्हाडाच्या बोळिंजच्या टॉवरमध्ये राहतात. मामा अंधेरीला कामाला, मामी वसईला. मामीचा युक्तिवाद साधा होता. 'तू जर्नलिझम करतेस ना, मग कर जरा चौकशी.' इंटर्नशिपची पहिली असाइनमेंट मला अशी घरातूनच मिळाली. पुढे जे लिहिलंय ते त्या दीड महिन्यातलं आहे. त्यातलं बरंचसं मला आधी माहीत असायला हवं होतं असं वाटलं, म्हणून पानावर आणलं.

पहिली गोष्ट म्हणजे, पाटीवरचं 'जिम्नॅस्टिक्स' हा एक खेळ नाही. आर्टिस्टिकमध्ये मुलींसाठी चार प्रकार असतात : व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम आणि फ्लोअर. मुलांसाठी सहा. रिदमिक वेगळं. तिथे हूप, बॉल, क्लब्ज, रिबन घेऊन संगीतावर सादरीकरण, आणि ऑलिम्पिकमध्ये ते फक्त मुलींचं आहे. शिवाय ट्रॅम्पोलिन, अॅक्रोबॅटिक, एरोबिक. पोरीला बारला लटकायला आवडतं आणि जिममध्ये शिकवतात रिदमिक, तर तिथले कोच कितीही भारी असोत, उपयोग काय? आमच्या छोटीला आवड होती लटकायची. घरातला दरवाजा, बसस्टॉपचा पाइप, मामाचा दंड, काहीही चालतं. म्हणजे आर्टिस्टिक. एवढं ठरलं तेव्हा यादीतली निम्मी नावं आपोआप गळली.

बीमचं माप ऐकून ठेवा : पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि रुंदी फक्त १० सेंटीमीटर. मोबाइल आडवा ठेवला तर जवळपास दीड मोबाइल. यावर पोरी उड्या मारतात. त्यामुळे जिममध्ये गेल्यावर भिंतीवरची पदकं नंतर बघा, आधी खाली बघा. मॅटला मॅट चिकटून आहे की मध्ये फट आहे? पाय अडकून घोटा मुरगळायला तेवढी फट पुरते. बीम शिकवताना आधी जमिनीवरचा, मग कमी उंचीचा, असे टप्पे आहेत का? नवी उडी शिकताना कोच शेजारी उभा राहून हाताचा आधार देतो का, की खुर्चीतून ओरडतो? आमच्या हॉलचे सर मनाचे चांगले, पण छत इतकं खाली की मोठ्या मुलाने जोरात उडी मारली तर पंख्याची काळजी वाटते. सरांनीच स्पष्ट सांगितलं की स्पर्धेची तयारी इथे होणार नाही. हा प्रामाणिकपणा मला नंतर फार मोलाचा वाटला.

त्यांनी सुचवलेली जिम बोरिवलीच्या बाजूला होती. आम्ही दोघी ट्रायलला गेलो. काय सामान होतं! स्प्रिंगचं फ्लोअर, खऱ्या मापाचा बीम, दोन्ही बार्स, फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा. छोटी त्या खड्ड्याकडे बघून हरखूनच गेली. रिसेप्शनच्या भिंतीवर पदकांच्या माळा. आणि मग दार बंद झालं. पालकांनी दोन तासांनी यायचं, आत बसायचं नाही, काच नाही, कॅमेरा नाही. कारण विचारलं तर उत्तर आलं की मुलांचं लक्ष विचलित होतं.

कारण अगदीच खोटं नाही. आई समोर असली की मूल आईकडेच बघतं हे मान्य. पण त्याच सुमारास मी या खेळाचा अलीकडचा इतिहास वाचत होते आणि तो वाचल्यावर बंद दाराकडे साध्या नजरेने बघता येत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये 'इंडियानापोलिस स्टार' या दैनिकाने जिम्नॅस्टिक्समधले लैंगिक अत्याचार बाहेर काढले. राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचारांच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत होता. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक मुली आणि बायका कोर्टात उभ्या राहून बोलल्या आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. (एका स्थानिक दैनिकाच्या वार्ताहरांनी हे केलं, हे इथे मुद्दाम सांगते. आमच्या वर्गात अजून 'प्रिंट मेलंय' अशी चर्चा चालते.) ब्रिटनमध्ये २०२२ साली व्हाइट अहवाल आला. चारशेहून जास्त लोकांनी त्यासाठी आपले अनुभव कळवले होते. त्यात अत्याचार होतेच, पण रोजच्या गोष्टीही होत्या : पाणी न देणं, टॉयलेटला जाऊ न देणं, वजनावरून सगळ्यांसमोर बोलणं, दुखत असताना सराव करायला लावणं. यातली एकही गोष्ट पदक जिंकून देत नाही. पण दार बंद असेल तर दिसतही नाही.

त्या जिममध्ये असं काही घडतं, असं मी म्हणत नाही. मला ते कळायला मार्गच नव्हता, आणि माझी अडचण नेमकी हीच होती. दार मध्येच उघडलं तेव्हा मला एवढंच दिसलं की एक सात-आठ वर्षांची मुलगी स्प्लिटमध्ये बसली आहे, मागून एक जण तिचे खांदे खाली दाबतोय आणि ती रडतेय. आजूबाजूच्या मुली बघतही नव्हत्या. स्ट्रेचिंग दुखतंच, असं मला सगळ्यांनी सांगितलं. दुखत असेल. पण रडणाऱ्या मुलीने 'थांबा' म्हटल्यावर हात थांबतो का, हे मला बघायचं होतं आणि तेवढ्यात दार लागलं.

इथे कायद्याचं एक वाक्य आपल्या वयाच्या प्रत्येकाला पाठ हवं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा शंका असेल, तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. फक्त आईबापांवर नाही, कुणावरही. आणायला-सोडायला जाणारी ताईही त्यात आली. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे. आणि जिममध्ये विचारायचे प्रश्न अवघड नाहीत : मुलींच्या बॅचला एखादी बाई कोच आहे का? स्पर्धेला बाहेरगावी नेताना बरोबर कोण असतं, खोलीत कोण झोपतं? फिजिओ किंवा मसाज करताना तिसरं माणूस हजर असतं का? कोच मुलांना थेट मेसेज करतो, की पालकांच्या ग्रुपवर? हे विचारल्यावर समोरचा माणूस चिडला तर ते उत्तरच समजा.

दुसरी गोष्ट घाईची. बोरिवलीला आम्हाला सांगितलं गेलं की नऊ म्हणजे तसा उशीरच झालाय, आता आठवड्यातून चार दिवस तरी हवेत. मामा लगेच घाबरला. आपल्या डोक्यात अजून १९७६ ची माँट्रियलची नादिया कोमानेची आहे. १४ वर्षांची मुलगी, पहिला परफेक्ट टेन आणि फलकाला १०.०० दाखवताच येत नव्हते म्हणून झळकलेले १.००. पण नादियाच्या वेळचे नियम आता नाहीत. १९९७ पासून मुलींना वरिष्ठ गटात खेळायला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. सिमोन बाइल्स पॅरिसमध्ये सर्वांगीण विजेती ठरली तेव्हा २७ वर्षांची होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोव्हितिना टोकियोत उतरली ती ४६ व्या वर्षी, मुलगा मोठा झाल्यावर. आणि आपली दीपा कर्माकर? आगरताळ्याची, सपाट तळपायांची मुलगी. सपाट पाय या खेळात अडचणीचे मानतात. बिश्वेश्वर नंदी सरांनी त्यावर वर्षानुवर्षं काम करून घेतलं. रिओत २०१६ मध्ये प्रोदुनोव्हा मारून ती चौथी आली, कांस्य फक्त ०.१५ ने हुकलं. ताश्कंदला आशियाई सुवर्ण मिळालं ते २०२४ मध्ये, तिशीत. लहान वयात सुरुवात करावी लागते हे खरंच आहे, लवचीकपणा तेव्हाच येतो. पण 'याच महिन्यात फी भरा नाहीतर संपलं' हा मात्र खेळाचा नियम नाही, कोचिंग क्लासवाल्यांचा आहे. अकरावीच्या अॅडमिशनला आपण तो ऐकलाय.

शरीराबद्दल मला सगळ्यात नवी कळलेली गोष्ट म्हणजे मनगट. या खेळात हात हे पाय होतात. हँडस्टँड, कार्टव्हील, व्हॉल्टवर हात टेकून उडी, सगळा भार मनगटावर. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा मऊ थर असतो आणि तोच या ताणाखाली दुखावतो. क्रीडावैद्यकात त्याला 'जिम्नॅस्ट रिस्ट' असं नावच आहे. म्हणून काही आठवडे टिकलेलं मनगटाचं दुखणं म्हणजे 'सवय नाही म्हणून' नव्हे. मागे वाकताना कंबर दुखते, तेही तसंच, डॉक्टरकडे न्यायचं दुखणं. आणि अकरा ते तेराच्या दरम्यान मुली झपाट्याने उंच होतात, तेव्हा कालपर्यंत येणारी उडी अचानक येईनाशी होते. त्या काळात सराव कमी करणारा कोच शहाणा. 'वजन वाढलंय' म्हणणारा नव्हे. पाळी लांबते किंवा बंद होते, त्याला काही ठिकाणी चांगल्या फिटनेसचं लक्षण समजतात. ते खाणं अपुरं पडत असल्याचं लक्षण असू शकतं आणि त्याचा फटका हाडांना बसतो.

तासांचा एक सोपा ठोकताळा अमेरिकेतले क्रीडावैद्यक डॉक्टर सांगतात : मुलाचं जितकं वय, त्याहून जास्त तास आठवड्याला शिस्तबद्ध सराव नको, आणि आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. वरच्या पातळीवरच्या जिम्नॅस्ट हे पाळत नाहीत, हे उघड आहे. पण नऊ वर्षांच्या नवशिक्या मुलीसाठी मोजपट्टी म्हणून चांगलं आहे. मग मी वही काढली. बोरिवलीची बॅच रोज तीन तास, चार दिवस, म्हणजे १२ तास. नऊपेक्षा तीन जास्त. शिवाय बोळिंजहून रिक्षा, विरार स्टेशनचा जिना, लोकल, पुन्हा रिक्षा. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास, आठवड्याचे १०. एकूण २२. आणि येतानाची लोकल संध्याकाळी साडेसातची. बोरिवलीला त्या वेळी विरार गाडीत चढणं म्हणजे काय, ते वसई-विरारच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. छोटीचं डोकं माझ्या कोपरापर्यंत येतं.

कोचच्या प्रमाणपत्रांचं थोडक्यात. सगळे 'एनआयएस' म्हणतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा वेगळा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा. दोन्ही खरे, पण एक नव्हेत. विचारायला लाजू नका. पंच असल्याचं कार्ड हे शिकवता येण्याचं प्रमाणपत्र नाही. आणि प्रथमोपचार कुणाला येतात, हेही विचारा. मी विचारलं तेव्हा एका ठिकाणी मला बँडेडचा डबा दाखवला गेला.

घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात असलेल्या सवलतींबद्दलही बोलून टाकते. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटात होतात. हे सगळं आहे. पण चौथीतल्या मुलीच्या मनगटावर नोकरीचं ओझं ठेवणं मला तरी पटत नाही. मामाला पटलं की नाही, माहीत नाही. तो गप्प बसला.

शेजारच्या ठाण्याचं उदाहरण मात्र मी त्याला मुद्दाम दिलं. रिदमिकमधली संयुक्ता काळे ठाण्यात तयार झाली आणि जून २०२२ मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णं घेऊन आली. चांगली जिम परराज्यातच असते, असं नाही. आणि आपल्या हातात मल्लखांबही आहे. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात तो पिढ्यान्पिढ्या शिकवला जातो, तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली. लटकायची आवड असलेल्या मुलीला दोरीचा मल्लखांब हा काही दुय्यम पर्याय नव्हे. आम्ही तो विचार केलाही. छोटीला बार हवा होता, दोरी नको होती. विषय संपला.

शेवटी सापडली ती जिम वसईत, एका शाळेच्या हॉलमध्ये. दिसायला काहीच नाही. फोमचा खड्डा नाही, अनइव्हन बार्स नाहीत, एकच सिंगल बार. मॅट्स जुन्या, पण एकमेकींना घट्ट बांधलेल्या. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः खेळलेल्या. हॉलच्या कडेला एक लांब लाकडी बाक, त्यावर तीन आया आणि भाजी निवडणारी एक आजी. मी तीन वेळा न सांगता जाऊन त्या बाकावर बसले. दुसऱ्या वेळी एका मुलीने हँडस्टँड अर्ध्यात सोडून मनगट धरलं. मॅडमनी तिला ओरडून परत उभं केलं नाही, थांबवलं आणि त्या दिवशी फक्त पायांचे व्यायाम दिले. क्लास संपल्यावर तिच्या आईला बोलावून कधीपासून दुखतंय ते विचारलं. आईला माहीतच नव्हतं.

उणी बाजूही मॅडमनीच सांगितली. ही मुलगी खरंच पुढे गेली, तर बारा वर्षांची होईपर्यंत तिला मोठ्या जिममध्ये जावं लागेल, इथे सगळं सामान नाही. म्हणजे बोरिवलीचा प्रश्न सुटलेला नाही, तीन वर्षांनी तो पुन्हा येणार. तेव्हा कदाचित तिथे काच बसलेली असेल. मी फोन करून विचारत राहणार आहे. दर महिन्याला विचारलं तर निदान त्यांना कळेल की लोकांना हवी आहे.

सगळ्यात शेवटी आम्ही तिलाच विचारलं. खरं तर सगळ्यात आधी विचारायचं होतं, पण घरात तसं होत नाही. स्पर्धेला जायचंय का, असं विचारल्यावर ती पटकन 'हो' म्हणाली, कारण मामा समोर होता. मग रात्री गच्चीवर मी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. जिमला गेल्यावर सगळ्यात मस्त काय वाटतं? तिने थोडा वेळ घेतला. म्हणाली, बारवर उलटं झाल्यावर कानात आवाज येतो तो. आणि सगळ्यात नको काय वाटतं? सगळे बघत असताना परत करायला सांगतात ते. थोड्या वेळाने तिने विचारलं, 'ताई, हरले तर चालतं का तिथे?' मी म्हटलं, वसईच्या मॅडमना विचारून सांगते. मी खरंच विचारलं. त्या म्हणाल्या की पहिल्या वर्षी त्या कुणालाच जिंकायला नेत नाहीत, बघायला नेतात.

जूनपासून ती आठवड्यातून तीन दिवस वसईला जाते, दोन-दोन तास. जाताना मी, येताना मामी, कारण मामीचं ऑफिस तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बसून बोलायचं ठरलंय : मनगट, झोप, अभ्यास आणि तिला स्वतःला जावंसं वाटतंय का. विरार ते वसई रोड तिचा पास काढायला मी गेले होते. खिडकीवरचे काका म्हणाले, तीन महिन्यांचा घ्या, स्वस्त पडतो. मी एकाच महिन्याचा घेतला.